टर्बोचा शाफ्ट चुंबकांवर तरंगवता येईल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांच्या दीड लिटरच्या डिझेल गाडीचा टर्बो दुसऱ्यांदा गेला. (टर्बो म्हणजे एकाच शाफ्टवरची दोन चाकं: एक्झॉस्टच्या वायूनं फिरणारं टर्बाइन व्हील आणि इंजिनात हवा दाबून भरणारं कॉम्प्रेसर व्हील.) मेकॅनिकनं कोर, म्हणजे शाफ्ट आणि बेअरिंगं असलेला टर्बोचा गाभा, उघडून दाखवली तेव्हा शाफ्टवर निळे-काळे पट्टे होते, बुश खाल्लेले होते आणि कॉम्प्रेसर व्हीलची पाती घराला घासलेली होती. ते बघून त्यांच्या मनात आलं की तेलावरचं बेअरिंगच काढून टाकावं आणि शाफ्ट चुंबकांवर तरंगत ठेवावा. घर्षण नाही, झीज नाही, तेल नाही, शिवाय लॅगही, म्हणजे पाय दाबल्यावर टर्बो वेग घेईपर्यंतची दिरंगाईही, कमी होईल. मग कंपन्या हे का करत नाहीत? आणि इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या त्यांच्या मुलाला नियोडिमियमच्या, म्हणजे जोरदार कायम चुंबकाच्या, रिंगा लावून हा प्रोजेक्ट करता येईल का?

माझं काम वेगानं फिरणाऱ्या रोटरांचं आहे: कंपनं, बॅलन्सिंग, बेअरिंगची निवड. त्यात गाडीचे टर्बो बरेच हाताखालून गेले आणि चुंबकीय बेअरिंगवर चालणारे मोठे कॉम्प्रेसरही. म्हणून दोन्ही बाजूंनी सांगू शकतो.

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. गाडीच्या टर्बोत चुंबकीय बेअरिंग शक्य आहे का, हा एक. तुमचा टर्बो दोनदा का गेला, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर लांबलचक आहे. दुसऱ्याचं छोटं आहे, पण तुमचे पैसे वाचवणारं तेच आहे, ते शेवटी घेतो. आकडे सगळे एकाच नमुन्यासाठी देतो: दीड लिटरचं डिझेल, ४५ मिलिमीटरचं कॉम्प्रेसर व्हील, त्याहून जरा लहान टर्बाइन व्हील, कमाल वेग २ लाख आरपीएम. ट्रकचा टर्बो, जहाजाचा टर्बो, आत मोटर बसवलेला टर्बो यांचा हिशोब वेगळा निघेल.

आधी नियोडिमियमच्या रिंगांचा विषय संपवू. सॅम्युएल अर्नशॉ या इंग्रज गणितज्ञानं १८४२ मध्ये दाखवून दिलं की नुसत्या स्थिर चुंबकांच्या बळावर वस्तू सर्व दिशांनी स्थिर तरंगत ठेवता येत नाही. एकमेकींना ढकलणाऱ्या दोन रिंगा शाफ्टला मध्यभागी धरून ठेवतात हे खरं, पण त्याच रिंगा त्याला अक्षाच्या दिशेनं बाहेर फेकायला बघतात. एक दिशा सावरली की दुसरी सुटते. इंटरनेटवर अशा रिंगांवर आडवा शाफ्ट तरंगवणारी जी खेळणी दिसतात त्यांच्याकडे नीट बघा, शाफ्टचं एक टोक कुठेतरी काचेला टेकलेलं असतं. शिवाय बाजारात मिळणारं साधं नियोडिमियम ८० अंशांच्या पुढे आपलं चुंबकत्व कायमचं गमवायला लागतं. टर्बोच्या शेजारी ८० अंश म्हणजे थंड हवामान झालं.

त्यामुळे औद्योगिक जगात 'चुंबकीय बेअरिंग' म्हटलं की बहुतेक वेळा सक्रिय प्रकारच अभिप्रेत असतो. शाफ्टभोवती विद्युतचुंबक, शाफ्ट नेमका कुठे आहे हे सेकंदाला हजारो वेळा मोजणारे सेन्सर, आणि त्यानुसार प्रत्येक कॉइलमधला प्रवाह कमी-जास्त करणारा कंट्रोलर. पूर्ण शाफ्ट तरंगवायचा तर पाच दिशा सांभाळाव्या लागतात. दोन्ही टोकांना दोन-दोन आडव्या-उभ्या, आणि एक अक्षाच्या दिशेची. सहावी दिशा म्हणजे फिरणं, ते काम टर्बाइनचं. पाच दिशांना पाच सेन्सर-संच आणि पाच जोड्या अँप्लिफायर. हे नीट चालतं याबद्दल शंका नको. मोठ्या इमारतींच्या वातानुकूलनातले अनेक बिनतेलाचे चिलर, म्हणजे पाणी गार करणारी यंत्रं, असेच चालतात. प्रयोगशाळांतले अनेक टर्बोमॉलिक्युलर व्हॅक्युम पंप असेच चालतात. नॉर्वेच्या ऑस्गार्ड वायूक्षेत्रात २०१५ पासून समुद्राच्या तळाशी जे कॉम्प्रेसर चालू आहेत, तेही चुंबकीय बेअरिंगवरच. तिथे बेअरिंग बदलायला कुणी सहज जाऊ शकत नाही, म्हणून तो खर्च परवडतो.

आता लोकांचा पहिला आक्षेप असतो वेगाचा. दोन लाख आरपीएमला चुंबक कसा पुरा पडणार? मला विचाराल तर वेग ही खरी अडचण नाहीच. झुरिचच्या ईटीएच विद्यापीठात चुंबकांवर तरंगणारी ३०० वॅटची मोटर ५ लाख आरपीएमसाठी बनवली गेली आहे. दुसरा आक्षेप धक्क्यांचा, म्हणजे आपले खड्डे. तोही हिशोबात टिकत नाही. पूर्ण रोटरचं वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. इंजिनच्या कंपनांचा आणि खड्ड्यांचा मिळून गुरुत्वाच्या वीसपट धक्का धरला तरी बल होतं ३० न्यूटन. एवढं चुंबक सांभाळतो.

बॅलन्सिंगच्या बाबतीत तर चुंबकीय बेअरिंग तेलापेक्षा हुशार ठरतं. रोटरमध्ये ०.१ ग्रॅम-मिलिमीटर इतका असमतोल राहिला तर २ लाख आरपीएमला तो दर फेऱ्याला साधारण ४४ न्यूटनचा झटका देतो. तेलाच्या बेअरिंगला तो झेलावाच लागतो, आणि त्याचा आवाज गाडीत येतो. चुंबकीय बेअरिंगच्या कंट्रोलरला मात्र सांगता येतं की फेऱ्याच्या वारंवारतेला प्रतिकारच करू नकोस, रोटरला त्याच्या वस्तुमानाच्या अक्षाभोवती फिरू दे. झटका घरापर्यंत पोचतच नाही. चिलरवर हात ठेवून ज्यांनी हे अनुभवलंय त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.

मग अडतं कुठे? माझ्या मते सगळ्यात आधी अडतं ते थ्रस्टपाशी, म्हणजे अक्षाच्या दिशेच्या बलापाशी. चर्चेत लोक याच्याकडे बघतच नाहीत, कारण कोर हातात घेतली की थ्रस्ट बेअरिंग एक छोटीशी पितळी पट्टी दिसते आणि ती नजरेत भरत नाही.

कॉम्प्रेसर व्हीलच्या पाठीचं क्षेत्रफळ जवळपास १६ चौरस सेंटिमीटर. एक बार बूस्ट, म्हणजे हवेचा तेवढा जादा दाब, असेल तर दर चौरस सेंटिमीटरला १० न्यूटन, म्हणजे पाठीवर १६० न्यूटनपर्यंत ढकल. समोरच्या बाजूचा दाब आणि पलीकडून टर्बाइनचा उलटा दाब यातला बराचसा भाग खोडून काढतात. पण उरलेलं बल एका जागी थांबत नाही. पाय दाबला की एकीकडे, पाय उचलला की दुसरीकडे. त्यावर एक्झॉस्टचे ठोके असतात. चार सिलिंडरच्या इंजिनला ३००० आरपीएमला सेकंदाला शंभर. सुरक्षिततेसाठी दोन्ही दिशांना दीडशे न्यूटन पेलण्याची तयारी ठेवावी लागेल.

तेलाच्या पातळ थराला हे किरकोळ आहे. विद्युतचुंबकाला नाही. लोखंडात दीड टेस्लाचं क्षेत्र उभं केलं तर ओढण्याचा दाब सिद्धांतानुसार दर चौरस सेंटिमीटरला ९० न्यूटनच्या आसपास निघतो. पण फट, कॉइलची जागा आणि नियंत्रणासाठी राखून ठेवायची ताकद वजा करता व्यवहारात ३० ते ४० धरतात. दीडशे न्यूटनला मग पाच चौरस सेंटिमीटरचा निव्वळ ध्रुव हवा, आणि कॉइलची खाच त्यात मोजायची नाही. म्हणजे शाफ्टवर निदान ४० मिलिमीटर व्यासाची पोलादी चकती बसवणं आलं. कॉम्प्रेसर व्हीलच्याच तोडीची.

ही चकती दोन त्रास देते. पहिला ताकदीचा. २ लाख आरपीएमला तिच्या कडेचा वेग सेकंदाला ४२० मीटरच्या आसपास जातो आणि मधल्या भोकापाशी ताण अकराशे मेगापास्कलच्या घरात. चांगलं चुंबकीय लोखंड मऊ असतं. एवढा ताण घेणारं पोलाद मिळतं, पण ते चुंबक म्हणून सुमार असतं. दोन्ही गुण एकाच धातूत मागितले की खरेदी विभाग तुमच्याकडे बघायचं सोडून देतो.

दुसरा त्रास जास्त मजेशीर आहे, कारण तो थेट तुमच्या अपेक्षेवर येऊन बसतो. तुम्हाला लॅग कमी हवाय. चार मिलिमीटर जाडीची ही चकती चाळीसेक ग्रॅम भरते. ४० ग्रॅम फार नाहीत, पण ते बाहेरच्या व्यासावर आहेत. मूळ रोटरचं जडत्व १.८ गुणिले १० चा उणे पाचवा घात इतके किलोग्रॅम-चौरस मीटर धरलं, तर चकती त्यात त्याच मापात ०.८ ची भर घालते. चाळीस टक्क्यांहून जास्त वाढ!

आता टर्बोला ६० हजारांवरून दीड लाख आरपीएमला न्यायचं आहे. मूळ रोटरला त्यासाठी साधारण १८६५ ज्यूल ऊर्जा लागते. त्या काळात टर्बाइनकडे सरासरी दीड किलोवॅट शिल्लक ताकद आहे असं समजा, तर वेळ सव्वा सेकंद. बेअरिंगचं घर्षण नाहीसं होऊन शंभर वॅट वाचले तर तीच वेळ १.१७ सेकंद. इथवर फायदा आहे, थोडा का होईना. पण चकतीसह रोटरला २७०० ज्यूल लागतात आणि वेळ जाते १.७ सेकंदांवर. घर्षण घालवून लॅग वाढवला. शिल्लक ताकदीचा आकडा मी गृहीत धरलाय, तुमच्या इंजिनाला तो वेगळा असेल, पण तो वाजवी मर्यादेत बदलून बघा, निष्कर्षाची दिशा बदलत नाही. गाडीच्या टर्बोचा लॅग मुख्यतः जडत्वाचा आणि कमी आरपीएमला एक्झॉस्टमध्ये दमच नसण्याचा असतो. बेअरिंगचा वाटा त्यात लहान.

घर्षणाचंही प्रमाण बघून घ्या. पूर्ण बूस्टला या कॉम्प्रेसरला ११-१२ किलोवॅट लागतात. त्यासमोर बेअरिंगं खातात ती काहीशे वॅट. कमी वेगाला आणि थंड तेलाला हे प्रमाण बरंच वाढतं, तिथे सुधारणेला जागा नक्की आहे. पण ती जागा बॉल बेअरिंगवाले टर्बो आधीच भरून काढतात, सिरॅमिकच्या गोळ्यांसह, शाफ्टला काहीही न चिकटवता. उलट चुंबकीय बेअरिंगची इलेक्ट्रॉनिक्स स्वतः वीज खाणार, आणि ती वीज अल्टरनेटरमधून, म्हणजे शेवटी डिझेलमधूनच येणार. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

यानंतरचा मुद्दा लांबीचा. आजच्या टर्बोचा शाफ्ट आखूड असतो, कारण दोन बुश आणि एक थ्रस्ट पट्टी एवढ्यालाच जागा लागते. त्यात दोन रेडियल चुंबक, चकती आणि तिचे दोन्ही बाजूंचे चुंबक, सेन्सर, शिवाय वीज गेली तर रोटर झेलणारी आणीबाणीची बेअरिंगं बसवा. शाफ्ट सहज दीडपट लांबेल. शाफ्टची वाकण्याची नैसर्गिक वारंवारता लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात उतरते, म्हणजे दीडपट लांबीला निम्म्याहूनही खाली. दोन्ही टोकांना जड व्हील लोंबकळत असलेला असा शाफ्ट मग रोजच्या वापराच्या पट्ट्यातच वाकायला लागतो. जाड करावा तर पुन्हा जडत्व आणि लोखंडातला अपव्यय वाढतो.

हे वाकणं आवरायला डॅम्पिंग, म्हणजे कंपनं जिरवणं, लागतं, आणि तेल इथे जे काम फुकटात करतं ते बहुतेकांच्या लक्षात येत नाही. शाफ्ट आणि घर यांच्यामध्ये मोकळ्या फिरणाऱ्या फ्लोटिंग बुशच्या आत एक आणि बाहेर एक असे तेलाचे दोन थर असतात. आतला वजन पेलतो, बाहेरचा कंपनं जिरवतो. तेलालाही त्याची खोड आहे. आतला थर शाफ्टला फेऱ्याच्या निम्म्याच्या आसपास वेगानं घोळवत नेतो आणि त्याचीच ती बारीक शिट्टी काही गाड्यांत ऐकू येते. पण बाहेरचा थर त्या घोळण्याला मर्यादेत ठेवतो, त्यामुळे टर्बो वर्षानुवर्षं तसाच चालतो. चुंबकीय बेअरिंगमध्ये डॅम्पिंग सॉफ्टवेअरनं निर्माण करावं लागतं. २ लाख आरपीएम म्हणजे सेकंदाला ३३३३ फेरे. त्याच्याही वरच्या वारंवारतेला कॉइलमधला प्रवाह उलटसुलट करायचा, तर कॉइलचं इंडक्टन्स, म्हणजे प्रवाह पटकन बदलू न देण्याचा तिचा गुण, आडवं येतं आणि १२ व्होल्ट अपुरे पडतात. ४८ व्होल्टची गाडी असेल तर काम सोपं होतं, म्हणून मी सुरुवातीलाच म्हटलं की परिस्थितीवर अवलंबून आहे. कंट्रोलर जुळवण्याचं काम मोठ्या कॉम्प्रेसरवर त्या-त्या यंत्रापाशी बसून केलं जातं. लाखोंच्या संख्येनं निघणाऱ्या टर्बोंना, प्रत्येकाची व्हील थोडी वेगळी असताना, एकच सेटिंग चालवायचं हे वेगळ्याच जातीचं काम आहे.

उष्णतेबद्दल सगळे बोलतात, पण चुकीच्या जागी बोट ठेवतात. डिझेलचा एक्झॉस्ट टर्बाइनपाशी ८०० ते ८५० अंश, आणि आता ज्या छोट्या टर्बो-पेट्रोल गाड्या आल्यात त्यांचा ९५० ते १०५०. म्हणून चुंबक टिकणार नाही, असं म्हटलं जातं. पण कॉइल आणि लोखंड टर्बाइन व्हीलमध्ये नसतात, मधल्या घरात असतात. त्याला पाण्याचं जॅकेट दिलं तर ते थंड ठेवता येतं. नेहमीचं चांगलं कॉइल-इन्सुलेशन १८० अंशांपर्यंत चालतं, आणि नासाच्या ग्लेन संशोधन केंद्रात तर ५४० अंशांवर चालणारं चुंबकीय बेअरिंग तयार केलं गेलं. जेट इंजिनाच्या मापाचं, खास तारांचं, पण चाललं.

खरी पंचाईत फिरणाऱ्या भागाची आहे. टर्बाइनकडून शाफ्टमधून वाहत येणारी उष्णता तशी थोडी, वीस वॅटच्या आसपास. त्यात फिरत्या लोखंडात चुंबकीय क्षेत्रामुळे निर्माण होणारी उष्णता मिळवा. आजच्या टर्बोत ती शाफ्टला चिकटून वाहणारं तेल लगेच उचलून नेतं. चुंबकीय बेअरिंगमध्ये शाफ्टभोवती असते हवेची फट, आणि हवा उष्णता न्यायला नालायक. घर थंड, शाफ्ट लाल, असा प्रकार होतो. मग कॉम्प्रेसरमधली थोडी हवा चोरून त्या फटीतून खेळवायची. ती खेळवावीच लागेल, कारण तेलाचा दाब नसला की एक्झॉस्टची काजळी सीलिंग रिंगमधून आत यायला मोकळी. तीन दशांश मिलिमीटरच्या फटीत डिझेलची काजळी साचली तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. आणि चोरलेली हवा म्हणजे गेलेला बूस्ट.

शेवटी वीज जाण्याचा प्रश्न. घाटात पूर्ण बूस्टला असताना फ्यूज उडाला तर चकतीसह रोटरमध्ये पाच-साडेपाच किलोज्यूल ऊर्जा असते आणि तो क्षणात आणीबाणीच्या बेअरिंगवर आदळतो. मोठ्या यंत्रांत यावर उपाय असतात. चिलरची मोटर अशा वेळी जनरेटर होते आणि रोटर थांबेपर्यंत स्वतःच्याच बेअरिंगला वीज पुरवते. साध्या टर्बोत मोटरच नाही. बरं, आणीबाणीच्या बेअरिंगवर उतरायला रोटरला हलायला जागा हवी, दीड-दोन दशांश मिलिमीटर तरी. आज पात्यांच्या टोकांची घराशी फट जेमतेम त्याच मापाची किंवा थोडी जास्त असते. ती वाढवली की छोट्या व्हीलची कार्यक्षमता लगेच पडते. म्हणजे कधीतरी एकदा होणाऱ्या अपघातासाठी रोज मायलेज द्यायचं.

या सगळ्यावरून 'कधीच शक्य नाही' असं मात्र म्हणणार नाही. परिस्थिती बदलली की उत्तर बदलतं. आत मोटर असलेले टर्बो आता रस्त्यावर आहेत. २०२२ मधल्या मर्सिडीज-एएमजी सी ४३ मध्ये दोन व्हीलच्या मधोमध चारेक सेंटिमीटर जाडीची मोटर आहे, ४८ व्होल्टवर चालणारी, आणि ती दीड लाखाच्या वर फिरते. मध्ये विद्युतयंत्र बसवता येतं आणि थंडही ठेवता येतं, हे त्यातून सिद्ध झालं. अशा टर्बोला जडत्वाची काळजी कमी, कारण मोटर ढकलते, आणि वीज गेली तर तीच मोटर जनरेटर होऊ शकते. माझ्या दोन मोठ्या आक्षेपांतला जोर तिथे निघून जातो. तरी बेअरिंग तेलावरचीच ठेवली आहेत, कारण इंजिनाला तेलाचा पंप आहेच. शेजारी तेल वाहत असताना ते टाळण्यासाठी पाच दिशांची इलेक्ट्रॉनिक्स कोण घेणार?

तेल जिथे चालतच नाही तिथे हिशोब फिरतो. हायड्रोजनवर चालणाऱ्या फ्युएल सेलला दाबाची हवा लागते आणि त्यात तेलाचा अंशही नको, नाहीतर सेल खराब होतो. एक्झॉस्टची आगही तिथे नाही. चुंबकीय बेअरिंगला याहून सोयीचं मैदान गाड्यांत मिळणार नाही. पण तिथेही बाजी मारली ती हवेच्या फॉइल बेअरिंगनं. २०१६ मधल्या होंडा क्लॅरिटी फ्युएल सेल गाडीच्या इलेक्ट्रिक कॉम्प्रेसरमध्ये तीच होती. पातळ धातूच्या पत्र्याच्या आवरणात शाफ्ट फिरायला लागला की तो स्वतःच हवेचा थर ओढून घेतो आणि त्यावर तरंगतो. सेन्सर नाही, कॉइल नाही, कंट्रोलर नाही. विमानांच्या वातानुकूलन यंत्रांत ही बेअरिंगं १९७० च्या दशकापासून आहेत. बिनतेलाचा ट्रक-टर्बोसुद्धा अमेरिकेत १९९९ मध्ये फॉइल बेअरिंगवर चालवून दाखवला गेला, ९५ हजार आरपीएमला आणि ६५० अंशांच्या वायूवर. त्याची अडचण चालू-बंद होताना पत्रा घासण्याची आणि उत्पादनातल्या काटेकोरपणाची आहे. तरी बिनतेलाच्या टर्बोचं स्वप्न बघायचंच असेल तर मी चुंबकांआधी हवेवर पैज लावीन.

आता मुलाच्या प्रोजेक्टबद्दल. टर्बोच्या शाफ्टवर नियोडिमियमच्या रिंगा बसवून तो कॉम्प्रेस्ड एअरनं फिरवायचा बेत असेल तर कृपा करून करू नका. हे चुंबक ठिसूळ असतात, ताणाला फार लवकर फुटतात, आणि त्या वेगाला सुटलेला तुकडा म्हणजे गोळीच. त्याऐवजी दोन चांगल्या गोष्टी करता येतील. एक, फक्त अक्षाच्या दिशेचं सक्रिय बेअरिंग: उभा शाफ्ट, खाली-वर साधी बॉल बेअरिंगं फक्त आडवा तोल धरायला, आणि वजन तरंगवणारा एक विद्युतचुंबक, चुंबकीय क्षेत्र मोजणारा हॉल सेन्सर आणि मायक्रोकंट्रोलर. काही हजार आरपीएमपर्यंत ठेवायचं, बाहेर जाड संरक्षक घर. कंट्रोलरचा डॅम्पिंगचा आकडा कमी केला की शाफ्ट कसा थरथरायला लागतो हे पोराला स्वतःच्या हातानं बघता येईल, आणि परीक्षकांपुढे सांगण्यासारखं बरंच निघेल. दोन, मोजमापाचा प्रोजेक्ट: भंगारातला एक साधा आणि एक बॉल बेअरिंगचा टर्बो घ्यायचा, दोघांना गरम तेलाचा ठराविक दाब द्यायचा, हवेनं माफक वेगाला न्यायचं, हवा तोडायची आणि वेग कसा उतरतो ते नोंदवायचं. त्या उताराच्या आलेखातून बेअरिंगचं घर्षण वॅटमध्ये काढता येतं. हा दुसरा मला जास्त आवडेल, कारण बिनघर्षणाच्या टर्बोनं नेमकं किती वाचेल याचा खरा आकडा त्यातून हातात येतो.

आणि तुमचा टर्बो. निळा-काळा शाफ्ट आणि खाल्लेले बुश म्हणजे तेल कमी पोचलं किंवा उशिरा पोचलं. दुसऱ्यांदा तेच झालं याचा अर्थ पहिल्या वेळी टर्बो बदलला गेला, पण बिघाडाचं कारण तसंच राहिलं. टर्बोकडे जाणारा बारीक ऑइल पाइप आतून कार्बननं अरुंद होतो, बाहेरून तो अगदी ठणठणीत दिसतो. काही इंजिनांत त्याच्या बँजो बोल्टमध्ये, म्हणजे पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टमध्ये, छोटी जाळी असते, ती तुंबते. डिझेलमध्ये इंजेक्टरखालचं तांब्याचं वॉशर गळत असेल तर काजळी तेलात उतरते आणि तळाच्या ऑइल पॅनमधला तेल गाळणारा स्ट्रेनर भरतो, तेव्हा ऑइल पॅन उतरवून बघणं भाग आहे. परतीचा पाइप वाकलेला नाही ना, त्यात गॅस्केटचं सिलिकॉन लोंबत नाही ना, इंजिनाचा ब्रीदर, म्हणजे आत साचलेला वायू सोडणारी नळी, मोकळा आहे ना, हेही बघायला हवं. आणि हायवेवरून भरधाव येऊन टोलनाक्याशी किंवा हॉटेलपाशी लगेच इंजिन बंद करत असाल तर ती सवय सोडा. मिनिटभर आयडलला ठेवलं की तेल मधल्या घरातली उष्णता घेऊन जातं, नाहीतर थांबलेलं तेल तिथेच जळून कार्बन होतं.

नवी कोर बसवताना मेकॅनिकला ऑइल फीड पाइप आणि बँजो बोल्ट नवेच घालायला सांगा, जुने धुऊन नाही. टर्बोच्या तेलाच्या तोंडात हातानं तेल भरून शाफ्ट बोटानं चार फेरे फिरवायचा. मग इंधन तोडून इंजिन थोडं थोडं क्रँक करायचं, परतीच्या पाइपमधून तेल पडताना दिसेपर्यंत. त्यानंतरच स्टार्ट, आणि पहिली दोन-तीन मिनिटं ॲक्सिलरेटरला हात लावायचा नाही.